रक्तपेढीचा पत्ता

एकदा एका वृद्ध निबंधकांच्या खोलीत त्यांची शिष्या धापा टाकत शिरली. इंटरनेटवरचा कोणता पत्ता कोणाला दिलेला आहे, याची नोंदवही हे त्र्यंबकराव तीस वर्षे सांभाळत होते आणि उत्तरा त्यांच्या हाताखाली ते काम शिकत होती.

"सर, घात झाला! सय्यद डॉक्टरांच्या रक्तपेढीचे पत्ते आमच्याकडे आहेत, असं एक कंपनी जगाला खोटंच सांगत सुटलीय. रुग्णालयांची रक्ताची मागणी सगळी तिकडे चाललीय. त्या कंपनीची नोंदच खोडून टाका!"

अधिकार होता. एक कळ दाबण्याचा अवकाश. मी असतो तर दाबली असती, खोटं कशाला बोलू! त्र्यंबकरावांनी मात्र फोन लावला तो सय्यद डॉक्टरांनाच.

"डॉक्टर, तुमच्या पत्त्यांची वाट जगाला कोणी सांगायची, याचा दाखला तुम्ही अजून दिलेला नाही. आधी त्यावर सही करा, म्हणजे खरी वाट कोणती ते कोणालाही पडताळता येईल."

"अहो, इथे माणसांचे जीव टांगणीला लागलेत, आणि तुम्हाला सही सुचतेय?" डॉक्टर कडाडल्या. तरी त्यांनी तिथल्या तिथे संगणकावर सही केली.

मग त्र्यंबकरावांनी मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांना फोन केले. "नोंदवहीत दाखला आलाय. पडताळून पाहा." त्यांनी पाहिले आणि खोटी वाट बंद केली. तासाभरात रक्ताची मागणी पुन्हा पेढीत येऊ लागली.

उत्तराचा राग काही उतरेना. "आणि चोर मोकळाच ना?"

"मोकळा कसा? पोलिसांत तक्रार जाईल, साक्षीला आपली वही आहे. पण बाई गं, त्याच कंपनीच्या पत्त्यांवर तीन शाळा आणि एक प्रसूतिगृह चालतं. त्यांनी काय केलंय? शिवाय ते पत्ते तिला दिलेत, ही नोंद खरी आहे. आज रागापायी आपण खरं खोडलं, तर उद्या कोणीतरी दटावून खोडायला लावील. आत्ता त्या कंपन्यांनी ऐकलं, ते काय माझ्या धाकाने? आपल्या वहीत खोटं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं."

 मग ते हळूच म्हणाले, "चुकलो मीही. डॉक्टरांचा दाखला नाही, हे तीन वर्षं मला दिसत होतं. एकदाही विचारलं नाही. लाज वाटते गं."

 उत्तराने दाखला न दिलेल्यांची यादी उघडली. पहिलेच नाव एका अग्निशमन केंद्राचे होते. तिने फोन उचलला.