आप्पांपुढचा ग्लास

“जो पीतच नाही, त्याच्यासाठी कुठली वाईन काढशील, पोरी?”

नानांनी हे विचारलं तेव्हा शर्वरी वायनरीच्या अंगणात बाटल्या मांडत होती. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

“त्याला पाणी, नाना.”

“बरं...” नाना म्हणाले आणि निखाऱ्यांकडे वळले.

नाना ढोमसे म्हणजे दिंडोरीकडच्या कितीतरी वाईन चाखणाऱ्यांचे गुरू. शर्वरी त्यांची शेवटची शिष्या, हुशार आणि थोडी ताठ. द्राक्षांचा हंगाम संपला होता. बागाईतदारांना वायनरीनं निखाऱ्यावर भाजलेल्या जेवणाला बोलावलं होतं. सोबतीची वाईन शर्वरीनं निवडायची. अट एकच, बाटल्या स्वस्तातल्या हव्यात.

पाहुण्यांत तिचे आप्पाही होते. माळकरी माणूस. द्राक्षं गाडीत चढली की पुढं त्यांचं काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण लेकच वायनरीत कामाला लागली आणि गावात टोमणे सुरू झाले. तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वायनरीला द्राक्षं देणारी ओढ्याकडची बाग उद्या सकाळी मुळासकट काढणार, असं ते घरी सांगून आले होते. आले तेही शेजाऱ्यांनी ओढून आणलं म्हणून.

मिरचीत मुरवलेल्या कोंबडीसाठी शर्वरीनं जड लाल वाईन काढली होती. स्वस्तातली, पण रुबाबदार. नानांनी तिला कोंबडीचा एक तुकडा खायला लावला आणि वर तीच वाईन तोंडात धरायला लावली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“चैत्राचं ऊन, त्यात मिरची, त्यात ही,” नाना म्हणाले. “विझवायला निघालीस की पेटवायला?”

मग त्यांनी बर्फाच्या घमेल्यात मागे सारलेली एक पांढरी बाटली वर काढली. हलकी, किंचित गोडसर, सगळ्यांत साधी. कोंबडीला ही आणि कोळंबीलाही हीच. मटणाला गार केलेली गुलाबी. झालं.

शर्वरी हिरमुसली. ती बाटली तिनंच मागे सारली होती.

माळकऱ्यांसाठी शेगडी वेगळी होती. तिच्यावर कणसं आणि रताळी. आप्पा तिथं सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. नानांनी त्या पांढऱ्या वाईनचा ग्लास भरला आणि सरळ त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

शर्वरीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. आता आप्पा पानावरून उठणार...

“पिऊ नका,” नाना म्हणाले. “नुसता हुंगा.”

“वासानं माळ बाटत नाही का हो?” आप्पांचा आवाज कोरडा होता.

“मी सकाळपासून चाखतोय, एक घोट पोटात गेलेला नाही. तोंडात घ्यायची, कळली की थुंकायची. आमचं कामच ते. तुमच्या लेकीचंही.”

आप्पांनी वळून लेकीकडे पाहिलं. मग एक हात माळेवर ठेवून त्यांनी ग्लास नाकाशी नेला.

शेगडीवर कणीस तडतडत होतं.

“फुलोऱ्यात असाच वास सुटतो,” आप्पा हळूच म्हणाले. “ओढ्याकडच्या बागेला...”

“तिथलीच आहे, आप्पा,” शर्वरी म्हणाली.

आप्पांनी ग्लास भरलेलाच खाली ठेवला. शेगडीवरचं एक रताळं उचललं, सोललं आणि अर्धं तिच्या तळहातावर ठेवलं.

“पोळेल. फुंकून खा.”

पाहुणे गेल्यावर शर्वरी तो ग्लास उचलून आणायला गेली. तसाच भरलेला होता. ती नानांना म्हणाली, “एवढं करून वाईन वायाच गेली की.”

नाना हसले.

“ग्लास रिकामाच व्हायला हवा, हे तुला कुणी शिकवलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कात्री घेऊन ओढ्याकडच्या बागेत गेले आणि पुढच्या हंगामासाठी छाटणीला लागले.