तीन तरी गोंडे

एका गावाला गोंड्यांची भारी हौस होती. मुलाने किंवा मुलीने नवी विद्या शिकायला घेतली, की त्याच दिवशी पेढे वाटायचे आणि टोपीला एक रंगीत गोंडा शिवायचा, अशी तिथली रीत. व्याकरण घेतलं की पिवळा, गणित घेतलं की निळा, गायन घेतलं की गुलाबी. विद्या शिकून झाल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. बहुधा तिथवर कुणाचं लक्षच गेलं नसावं.

त्या गावात एक गोंडेवाला राहायचा. त्याच्या मुलीचं नाव बकुळा. तिचा जीव चांदण्यांत अडकलेला. कुठली चांदणी कधी उगवते आणि कुठे मावळते, हे ती जेवताजेवता सांगायची. पलीकडच्या टेकडीवर एक मोठं विद्यापीठ होतं आणि त्याच्या गच्चीवरून सगळं आकाश एका नजरेत दिसतं, असं तिने ऐकलं होतं. तिला तिथेच शिकायचं होतं. पण तिथे दूरदूरची मुलं यायची आणि आत मोजकीच घेतली जायची.

एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका. विद्यापीठात ज्यांना यायचं आहे, त्यांना तीन तरी विद्या याव्यात."

झालं. गावाने त्यातला 'तरी' तेवढा उचलला. तीन तरी म्हणजे तीनच घेणाऱ्याला तिथे कोण विचारणार, असं जो तो म्हणू लागला. कुणी पाच घेतल्या म्हणून शेजाऱ्याने सहा घेतल्या, आणि सहा ऐकून सराफाच्या मुलाने थेट अकरा घेतल्या. टोप्या इतक्या जड झाल्या, की मुलं मान सांभाळत चालू लागली. समोरून कोण येतंय हे दिसावं म्हणून आधी गोंडे बाजूला सारावे लागत.

गोंडेवाल्याच्या घरात तर गोंड्यांना काय तोटा? बकुळाची आत्या उत्साही बाई. तिने बकुळाला नऊ विद्या घ्यायला लावल्या. पहाटे तर्क, मग व्याकरण, मग वैद्यक, दुपारी शिल्प, आणि असंच पुढे दिवे लागेपर्यंत. आज काय शिकलीस, असं कुणी विचारलं, तर बकुळा म्हणायची, "व्याकरणात काढा उकळला आणि वैद्यकात संधी सोडवला." घरातले पोट धरून हसायचे. बकुळा हसायची नाही, कारण तिला खरंच तसं आठवत असायचं.

एका संध्याकाळी गोंडेवाला अंगणात रेशीम गुंडाळत बसला होता. सहज वर बघून त्याने विचारलं, "बकुळे, ती तांबूस चांदणी कोणती गं?"

बकुळा मान वर न करता म्हणाली, "बाबा, मला वेळ नाही. उद्या तर्काच्या व्याख्या म्हणून दाखवायच्या आहेत."

बोलून गेली आणि तीच दचकली. आपण किती दिवसांत वर बघितलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू फुटलं. बापाने हातातलं रेशीम खाली ठेवलं. तिचं रडणं ओसरल्यावर त्याने विचारलं, की कुणी न विचारता, वेणी घालताना, पाणी भरताना, तुझ्या डोक्यात काय येतं? बकुळाने डोळे पुसत सांगितलं, की चांदण्या येतात, त्यांचा हिशोब मांडावासा वाटतो म्हणून गणित येतं, आणि हिशोब लक्षात राहावा म्हणून ती त्याला चाल लावते.

मग तिने कात्री मागितली. चांदण्यांच्या विद्येचा, गणिताचा आणि गायनाचा असे तीन गोंडे ठेवले आणि बाकीचे उसवले. वैद्यकाचा हिरवा उसवताना तिचा हात थांबला. ती विद्या तिला आवडू लागली होती. पण सगळं एकदम होणार नाही, हेही तिला कळत होतं. हिरवा गोंडा तिने डबीत जपून ठेवला.

आत्याने डोक्याला हात लावला. गावातही कुजबुज झाली, की गोंडेवाल्याकडचं रेशीम संपलं वाटतं. गोंडेवाल्याला ते लागलं. पण रोज संध्याकाळी तोही अंगणात बसून वर बघू लागला.

परीक्षेचा दिवस आला. टेकडीवर नुसते गोंडेच गोंडे. आपली तीन गोंड्यांची टोपी घेऊन बकुळा बापाजवळ उभी राहिली. आपलं चुकलं तर नाही ना, असं तिला खरोखर वाटलं.

परीक्षा घेणाऱ्या आचार्यबाई वयस्कर पण चालायला चपळ होत्या. परीक्षा अशी, की मुलाने त्यांच्याबरोबर तळ्याभोवती फिरायचं आणि आपल्या विद्यांविषयी गप्पा मारायच्या. बोलणं संपलं, की परत फिरायचं.

सराफाचा मुलगा ऐटीत निघाला. तळ्याकाठच्या चिंचेपर्यंत पोचायच्या आत त्याचं व्याकरण संपलं, तर्क संपला, शिल्पही संपलं. 'काय' विचारलं की तो भराभर सांगायचा, पण 'का' विचारलं की गोंड्यांशी चाळा करायचा. अकराही विद्या त्या चिंचेखालीच आटोपल्या. त्याच्यामागून कुंभारवाड्यातला सावळाराम गेला. त्याच्या टोपीला पाच गोंडे होते, आणि पाचही विषयांत त्याची जीभ अशी सुटली, की आचार्यबाईंना मध्ये बोलायला सापडेना. त्याला पाच झेपत होते, त्याने पाच घेतले होते.

मग बकुळा गेली. तिने सांगितलं, की रोहिणी रोज थोडी थोडी आधी उगवते. देवळाच्या कळसावरून तिने ते ताडून बघितलं होतं. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण वर्षाने ती पुन्हा त्याच वेळेला येते, एवढा हिशोब जुळतो." आचार्यबाई म्हणाल्या, मांडून दाखव. दोघी काठावर बसल्या आणि काडीने चिखलात आकडे मांडू लागल्या. मध्येच बकुळाने नक्षत्रांचं गाणं म्हटलं. आचार्यबाईंनी चाल धरली, जरा बेसूरच. जेवणाची घंटा झाली, ती दोघींनाही ऐकू आली नाही. शेवटी स्वयंपाकी पळी घेऊन शोधायला आला.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावं सांगितली. त्यांत बकुळा होती आणि सावळारामही होता. सराफ रागारागाने पुढे झाला. माझ्या मुलाने अकरा विद्या घेतल्या, मग तो बाहेर कसा, असं त्याने विचारलं.

आचार्यबाईंनी शांतपणे विचारलं, "आमची दवंडी काय होती?"

"तीन तरी विद्या..."

"पुढे?"

सराफ अडखळला. "याव्यात."

"घ्याव्यात, असं आम्ही म्हटलं नव्हतं." मग त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "यातल्या तुझ्या आवडीच्या कोणत्या, ते ठरव आणि पुढच्या वर्षी ये. मी वाट बघेन." मुलाने टोपी काढली आणि कितीतरी दिवसांनी मान मोकळी केली.

गोंडेवाल्याला इतका आनंद झाला, की घरी परतताना तो रस्ताभर नक्षत्रांचं गाणं गात होता. पुढे गावाची रीत बदलली. विद्या घेतल्यावर नाही, ती आल्यावर गोंडा शिवायचा, असं ठरलं. गोंडेवाल्याचा धंदा थोडा बसला, पण त्याची त्याला खंत नव्हती. काही वर्षांनी बकुळा वैद्यकही शिकून सुट्टीत घरी आली तेव्हा आत्याला ताप भरला होता. बकुळाने नाडी बघितली, काढा दिला आणि आत्या दोन दिवसांत उठून बसली. उठल्या उठल्या तिने डबीतला हिरवा गोंडा काढला आणि स्वतःच्या हाताने बकुळाच्या टोपीला शिवला.

तात्पर्य काय, तर किती विषय घेतले हे लोक मोजतात, पण दारातून आत नेतात ते आलेले विषय. म्हणून आकडा शेजाऱ्याच्या टोपीवरून ठरवू नये, आपली मान बघून ठरवावा.