बाजरीचे पाणके

पावसाने दडी मारली आणि जहागिरीतली बाजरी करपून गेली. हिरवं राहिलं ते एकट्या साळूबाईचं शेत. पेरताना तिने माळावरच्या जुन्या गवताखालची माती बियाण्याला चोळली होती. त्या मातीत पांढऱ्या बुरशीचे केसासारखे तंतू होते. जहागीरदारांच्या कानावर हे गेलं. “बुरशीने साऱ्या गावाची जमीन नासेल. शेत जाळून टाका,” असा त्यांनी हुकूम सोडला.

साळूबाई सदरेवर आली. तिने शांत आवाजात विचारलं,

“सरकार, पाणी आणायला आपण कधी विहिरीवर गेलात?”

“आम्ही कशाला जाऊ? पाणके आणून देतात.”

“माझ्या बाजरीचंही तसंच आहे. तिची मुळं पोचत नाहीत तिथली ओल हे तंतू तिला आणून देतात.”

“म्हणजे बाजरी जहागीरदार झाली म्हणायची,” जहागीरदार हसून म्हणाले.

“झाली, सरकार. फरक एवढाच, की ती आपल्या घासातला घास पाणक्यांना देते. त्यांना उपाशी राबवत नाही.”

दाराशी घागरी घेऊन उभे असलेले पाणके खाली बघू लागले. जहागीरदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हुकूम मागे घेतला, आणि पाणक्यांना आधी जेवू घाला म्हणून मुदपाकखान्यात निरोप धाडला.