पंच्याने बांधलेले पाय

सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या कातळी माळाच्या, कडेला वसलेल्या एका गावात वासू मेस्त्री राहायचा. लोहार, सुतार, वेल्डर, सगळं एकटाच. हातात कसब होतं, आणि ते आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्या गावची एक रीत होती. नवी वस्तू गिऱ्हाइकाला देण्याआधी ती बनवणाऱ्याने पहिली फेरी स्वतः मारायची. गाडा केला तर मेस्त्रीने तो आधी हाकायचा, शिडी केली तर मेस्त्रीने आधी चढायचं. वासूने ही रीत कधी मोडली नाही, आणि त्याच्या कामाला कधी कोणी नाव ठेवलं नाही.

त्याच गावात शालनबाई राहायच्या. सडकेने पाच किलोमीटरवर असलेली बालवाडी त्या चालवायच्या. एकदा फणस काढताना झाडावरून पडल्या आणि दोन्ही पाय कायमचे गेले. दीड वर्ष घरात बसून काढलं. मग बालवाडीच्या कमिटीचा निरोप आला, "महिनाअखेरच्या सोमवारी हजर झालात तर जागा तुमची. नाहीतर दुसरी बाई नेमू." सडकेवरून पुढे हसनभाईंची रिक्षा होती. पण सडकेपर्यंत नुसता कातळ, आणि मध्ये एक ओहोळ. मुलांच्या आठवणीने शालनबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांच्या भावाने पुण्याहून बॅटरीवर चालणारी जुनी व्हीलचेअर पाठवली. ती बिचारी दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर वाढलेली. कातळावर दहा हात गेली आणि अडकली. शालनबाईंनी ती वासूच्या स्वाधीन केली.

वासूने जीव ओतून काम केलं. खाली जाड लोखंडी चौकट, मागे स्कूटरची चाकं, वर एक जादा बॅटरी. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी रीतीप्रमाणे तो स्वतः खुर्चीत बसला, कातळावरून आणि ओहोळातून सडकेपर्यंत गेला, आणि खुर्ची रिक्षात चढवूनही दाखवली. "आता हिच्यात हत्ती बसवा," असं तो चार जणांना सांगत सुटला.

शनिवारी सकाळी शालनबाई बसल्या. ओहोळातल्या दगडाला पुढची बारकी चाकं टेकली आणि खुर्ची जागच्या जागी थांबली.

"बटण नीट दाबा," वासू म्हणाला. "काल मी इथूनच गेलो की."

"मेस्त्री, मी पडवीतून बघत होते. याच दगडाशी तुम्ही पाय टेकवून खुर्ची ढकललीत. रिक्षापाशी उतरून जोर लावून ती उचललीत. हसनभाईंचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. त्यांच्याने ही हलेल तरी का?"

"मी पाय टेकवला नाही," वासू म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. धडधाकट माणसाला पाय टेकवल्याचं कुठे लक्षात राहतं?

शेजाऱ्यांनी शालनबाईंना घरी नेलं. वासू मात्र धुमसत राहिला. इतक्या वर्षांत कोणी बोट ठेवलं नाही, आणि ही बाई पडवीत बसून चूक काढते म्हणजे काय? तिला खोटं पाडायचंच, म्हणून तो दुपारी पुन्हा खुर्चीत बसला आणि खांद्यावरच्या पंच्याने आपले दोन्ही पाय खुर्चीला करकचून बांधले.

त्याच दगडाशी खुर्ची थांबली. पंच्यातल्या पंच्यात त्याच्या पायांनी टेकण्यासाठी हिसका दिला, आपोआप. तेव्हा त्याला कळलं, काल काय झालं होतं ते. गाठ सोडायला हात मोकळे होते, पण त्याने गाठ सोडली नाही. शालनबाईंना कुठली सोडता येणार होती? तासभर तो उन्हात तसाच बसला. शेवटी गुरांमागची पार्वती आली.

"काय मेस्त्री, ऊन खाताय?"

"जरा ढकलतेस का गं?" वासू म्हणाला. असं कुणाला विचारायची त्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून तो थेट शालनबाईंच्या अंगणात गेला. "मी पाय टेकवला होता," तो म्हणाला. मग जे आधीच विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं, "हसनभाई किती वजन उचलतात?"

"भरलेली कळशी. त्याहून जास्त नाही."

रविवारी वासूने आपलंच वेल्डिंग आपल्या हाताने कापलं. जाड चौकट काढून हलके पाइप लावले, जादा बॅटरी उतरवली, पुढे मोठी चाकं बसवली. खुर्चीचे पाच तुकडे केले, खिळी ओढली की सुटणारे, आणि एकेक तुकडा कळशीशी तोलून पाहिला. संध्याकाळी पाय बांधून पुन्हा फेरी मारली. या वेळी ओहोळात पंच्याला ताण पडला नाही.

सोमवारी हसनभाईंनी पाच तुकडे एकेक करून रिक्षातून उतरवले, जोडले, आणि शालनबाई हातांच्या जोरावर सीटवरून खुर्चीत सरकून बालवाडीच्या दारात हजर झाल्या. एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, "बाई, इतके दिवस कुठे होतात?"

"ओहोळाच्या अलीकडे होते गं," शालनबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून त्यांनी हजेरी घेतली.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी केलेली वस्तू आपल्या ताकदीवर पारखू नये, ज्याला ती वापरायची आहे, त्याच्या जागी बसून पारखावी.