मागे घेतलेली पावले

एकदा एका व्यापाऱ्याच्या मनात आले, की नगराबाहेरच्या फाट्यावर भव्य बाजार उभारावा. एका छताखाली तीनशे दुकाने, समोर आठशे मोटारी उभ्या राहतील एवढे पटांगण. त्यासाठी त्याने घेतलेली जागा सखल, पाणथळ होती. ओढ्याचे पाणी तिथे पसरून निवांत मुरायचे आणि चैत्रापर्यंत गवत हिरवे राहायचे. नगरपालिका म्हणाली, आधी परीक्षण होऊ द्या. रस्त्याला इतकी वाहने झेपतील का, आणि हे पाणी जाईल कुठे?

काम एका वृद्ध अभियंत्याकडे आले. त्याचे सारे आयुष्य रस्ते आणि पाणी मोजण्यात गेले होते, आणि नगरात त्याच्या सहीला मान होता. त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. महाविद्यालयात पहिली आलेली, पण स्वभावाने भारी भित्री. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. पाण्याचा भाग गुरुजींनी स्वतःकडे ठेवला आणि वाहनांची मोजणी तिच्यावर सोपवली.

"सकाळी सहा ते संध्याकाळी सहा," ते म्हणाले. "दिवस तू ठरव."

ती एकदा फाटा पाहून आली. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. अगदी कानाशी हॉर्न वाजला आणि तिच्या हातातले पेन खाली पडले. ते उचलायलाही न थांबता ती घरी आली. त्या भागातच वाढलेली असल्यामुळे तिला एक गोष्ट ठाऊक होती. अमावास्येला तिथे बैल कुणी जुंपत नाही, आणि मालाचा ट्रकही चालक शक्यतो दुसऱ्या दिवशी काढतो. मोजणी ती मोजणीच, असे स्वतःला समजावत तिने अमावास्येचा दिवस निवडला. तक्त्यात तारखेचा रकाना होता, तिथीचा नव्हता.

दिवसभरात अकराशे चाळीस वाहने भरली. रस्त्याला नव्या बाजाराचा भार सहज पेलेल, असा निष्कर्ष तिने लिहिला. गुरुजींनी बेरीज तपासली आणि तिच्या सहीशेजारी आपली सही केली.

जनसुनावणीला अजून दहा दिवस होते. पण वाहनांचा अहवाल अनुकूल आहे हे कळताच व्यापाऱ्याने धीर केला आणि सखल जागेत मुरूम टाकायला सुरुवात केली.

दुसऱ्याच सकाळी गुरुजी तिला म्हणाले, "वही घे. फाट्यावर जाऊ."

फाट्यावर नेहमीची वर्दळ होती. गुरुजी कडेच्या दगडावर बसले. "आज गाड्या मोजायच्या नाहीत," ते म्हणाले. "रस्ता ओलांडणारा माणूस टाकलेलं पाऊल किती वेळा मागे घेतो, तेवढं मोज."

तिला हे विचित्र वाटले. गुरुजींचे वय झाले, असेही क्षणभर मनात येऊन गेले. तेवढ्यात पाणथळीच्या बाजूने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली ठकूबाई आली. पलीकडच्या गोठ्यांवर गवत विकून ती पोट भरायची. तिने पाऊल टाकले, डंपर आला, पाऊल मागे गेले. शिष्येने वहीत एक रेघ ओढली. मग दुसरी, मग सातवी. प्रत्येक हॉर्नला शिष्या स्वतःही दचकत होती आणि रेघ वाकडी जात होती. एकोणीस रेघा झाल्या, तेव्हा ठकूबाईने भारा खाली टाकला आणि ती तिथेच टेकली.

"मावशी, रोज असंच होतं?" शिष्येने विचारले.

"रोज न्हाई. अवसंला बरं असतंय. त्या दिशी डोळं मिटून जावं." ठकूबाईने तिला निरखून पाहिले. "तूच न्हवं का गं, त्या दिशी छत्री घिऊन बसलीवतीस? मी म्हनलं, पोरगी शानी हाय, दिवस बघून आली."

ती हसली आणि मागे भराव पडत होता तिकडे तिने हात केला. "आता गवातच गाडलं म्हना. वलांडायचा तरासच गेला. सुटले मी."

शिष्येने वही मिटली. "गुरुजी," ती कशीबशी म्हणाली, "मला ठाऊक होतं. मी मुद्दाम तो दिवस निवडला. मला फार भीती वाटत होती. पहिल्यांदा आले तेव्हा हॉर्नने हातातलं पेन पडलं, ते न उचलताच मी पळाले."

"काल एकामागून एक डंपर जाताना ऐकले, तुझा आकडा खटकला, तेव्हा मी कॅलेंडर काढून पाहिलं," गुरुजी म्हणाले. "सही करण्याआधी पाहायला हवं होतं. या पापात माझाही वाटा आहे."

"मग पुन्हा मोज, एवढंच का नाही सांगितलंत?"

"आकडा बदलला असता. तो कुणाच्या डोक्यावर पडला, ते तुला दिसलं नसतं. पोरी, भित्री असणं हा दोष नव्हे. हा रस्ता कसा आहे, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हातातलं पेन पडलं, तीच त्याची खरी नोंद होती. ती तू लिहिली नाहीस. भीती वाटणार नाही असा दिवस शोधलास, आणि त्या एका दिवसावरून साऱ्यांना निर्धास्त राहायला सांगितलंस."

पुढचे चार दिवस ती फाट्यावर उभी राहिली. रोजची वाहने चार हजारांच्या घरात गेली. सुनावणीत तिने नवा आकडा वाचला, आणि पहिली मोजणी आपण कोणत्या दिवशी आणि का केली तेही सांगितले.

व्यापारी उठला. "ताई, तुमच्या कागदावर विसंबून मी भराव टाकला," तो शांतपणे म्हणाला. "हे आज सांगताय?"

तो उतावळा झाला होता, पण खोटे बोलत नव्हता.

परवानगी नाकारली गेली. परतताना दोघे फाट्यावर थांबले. पाणथळीवर आता कमरेएवढा तांबडा मुरूम होता.

"हा काढला तर गवत पुन्हा येईल?" तिने विचारले.

"पाणी येईल," गुरुजी म्हणाले. "गवताचं मला सांगता येत नाही."

चूक कबूल केली की झालेले नुकसान भरून येते, असे तिला आजवर वाटत होते. तसे होत नाही, आणि तरीही ती कबूल करावीच लागते, हे तिला त्या उघड्या मुरमाकडे पाहताना उमगले.