वाकडं मूळ

"दाताची नळी थोडी सरळ झाली, तर बिघडतं काय, मॅडम?"

अद्वैतनं डॉ. ऐनापुरेंना विचारलं. खुर्चीवरच्या भागीरथीकाकूंच्या दाताचा एक्स-रे त्या उजेडात धरून पाहत होत्या. तीस वर्षं त्या विद्यार्थ्यांना रूट कॅनॉल शिकवत होत्या.

अद्वैत शेवडे त्यांचा सगळ्यांत जलद हाताचा विद्यार्थी. अर्ध्या तासात दाढ साफ करायचा, आणि ते त्याला ठाऊक होतं.

आज मात्र नळी साफ करायची सुई अडली होती. मुळातली नळी वीस मिलिमीटर खोल. सुई सतराच्या पुढे जाईना. मूळ तिथं वळत होतं. अद्वैतची जाड सुई वळली नव्हती. नळीच्या समोरच्या भिंतीत तिनं पायरीसारखी खाच कोरली होती.

"अजून जोर लावला तर जाईल," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं सुई बाहेर काढली. जोर लावला, तर सुई मुळाची भिंत फोडून हाडात जाणार होती. मग दात काढावाच लागला असता.

काकूंचं तोंड रबरी पडद्यानं झाकलेलं. डोळे तेवढे हलत होते. त्या बाजूला चावायला ही एकच दाढ उरली होती.

"काकू, दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

मॅडमनी ट्रेमधल्या जाड सुया एकेक करून उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. केसासारखी एकच सुई उरली. तिचं टोक त्यांनी चिमटीत धरून वाकवलं आणि ती अद्वैतच्या हातात दिली.

"मॅडम, ही फार लवचिक आहे. दाबली तर वाकेल."

"वाकू दे."

अद्वैतनं सुई आत सोडली. सतरावर टेकली. बोटांत किंचित फिरवली… अडली. बाहेर काढली, टोकाची दिशा बदलली, पुन्हा सोडली… अडली.

त्याच्या कपाळावर घाम आला. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

अकराव्यांदा की बाराव्यांदा, त्यानं दाबणंच सोडून दिलं. नुसती हलकेच फिरवत राहिला. सुई कशाला तरी अलगद लागली, आणि आपणहून खाली उतरली.

अठरा. एकोणीस. वीस.

त्याचा श्वास सुटला. एक्स-रे काढला. सुई मुळाबरोबर वळून टोकापर्यंत गेली होती.

काकूंची मूठ सैल झाली.

अद्वैतनं बाजूला ठेवलेल्या सुयांकडे हात नेला. मग त्यानं विचारलं,

"आता पुढची सुई किती जाडीची घेऊ, मॅडम?"

मॅडम हातमोजे काढत होत्या.

"मला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. "दाताला विचार."