हैबतीचा शेला

कोंढारीच्या लढाईला तीस वर्षं उलटल्यावर संस्थानाला जाग आली आणि त्या लढाईतल्या शूरांना मानाचे शेले द्यायचं ठरलं. म्हातारा हैबती काठी टेकत दरबारात आला. शेल्यापायी नव्हे, नातवंडं त्याला थापाड्या म्हणायची म्हणून.

दिवाणसाहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "त्या लढाईत मी स्वतः होतो. एकूण एक चेहरा माझ्या ध्यानात आहे. हा त्यात नव्हता!"

हैबतीनं महाराजांना मुजरा केला आणि चक्क गादीकडं पाठ फिरवून उभा राहिला. दरबार चपापला.

"हा काय उद्धटपणा?" दिवाण कडाडले.

"आता ओळख पटते का बघा, सरकार. मी पुढं लढत होतो. तुम्हाला माझी पाठच दिसली असणार."

महाराज खो खो हसत उठले आणि त्यांनी स्वतः त्या पाठीवर शेला पांघरला.